शाळेची बस : पालकांनी काय पाहावे, काय विचारावे

मूल शाळेत घालावयाचे ठरले म्हणजे आपल्याकडील पालक शाळेचे माध्यम, अभ्यासक्रम, वर्गातील पटसंख्या, शुल्काचे हप्ते, इतकेच काय पण क्रीडांगणाचा विस्तार यांचीही बारकाईने चौकशी करतात. परंतु ज्या वाहनात ते मूल रोज दोन वेळा, आईबापांच्या आणि शिक्षकांच्याही नजरेआड, कित्येकदा तासतासभर बसणार असते, त्या वाहनाविषयीचे त्यांचे प्रश्न बहुधा दोनच असतात : महिन्याला किती पडतील, आणि गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंत येईल काय. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षातून किमान 200 दिवस आणि सहावी ते आठवीचे वर्ग किमान 220 दिवस भरावे लागतात. म्हणजे पहिलीत बसने जाऊ लागलेले मूल आठवी पुरी होईपर्यंत तीन हजारांहून अधिक फेऱ्या त्या वाहनातून करते. एवढ्या दीर्घ प्रवासाची व्यवस्था शेजाऱ्यांच्या शिफारशीवर आणि चालकाच्या गोड बोलण्यावर सोपवणे अनुचित आहे. आणि त्याहून खेदाची गोष्ट ही की, या बाबतीत कायद्याने पालकांच्या हाती जे अधिकार दिले आहेत, त्यांची वार्ताही बहुसंख्य घरांपर्यंत पोहोचलेली नाही.

हे अधिकार सुखासुखी मिळालेले नाहीत. 18 नोव्हेंबर 1997 रोजी दिल्लीत वझिराबाद येथे शाळकरी मुलांनी भरलेली बस पुलावरून यमुनेत कोसळली आणि 28 मुलांचा अंत झाला. राजधानीतील वाहतुकीसंबंधीचा, वकील एम. सी. मेहता यांनी दाखल केलेला खटला त्या वेळी सर्वोच्च न्यायालयापुढे चालूच होता. या दुर्घटनेनंतर न्यायालयाने शाळेच्या बसेससंबंधी जे आदेश दिले, त्यांतूनच पुढे देशभरच्या नियमांची बांधणी झाली. बसचा पिवळा रंग, पुढे आणि मागे ठळक अक्षरांत ‘स्कूल बस’ ही पाटी, खिडक्यांना आडवे गज, दाराला भरवशाची कडी, प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक नळकांडे, बैठकीखाली दप्तरांसाठी जागा, सोबतीस प्रशिक्षित सहायक आणि अवजड वाहन चालवण्याचा किमान 5 वर्षांचा अनुभव असलेला चालक, या आज परिचयाच्या झालेल्या अटींचे मूळ तेथे आहे. अतिवेगाने, मद्याच्या अमलाखाली किंवा धोकादायक रीतीने गाडी हाकल्याबद्दल ज्याच्यावर एकदा जरी कारवाई झाली असेल, असा इसम शाळेच्या बसवर नेमू नये, हा दंडकही त्यातलाच. महाराष्ट्र शासनाने 2011 साली स्कूल बसकरिता स्वतंत्र नियम केले, आणि आपल्या राज्यातील पालकांनी आपल्या सर्व चौकशीचा आधार म्हणून प्रथम लक्षात ठेवावयाचे ते हेच नियम होत.

या नियमांतील सर्वांत मोलाची, आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित, तरतूद आहे ती शालेय परिवहन समितीची. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती असली पाहिजे, आणि तीत पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, त्या भागाच्या वाहतूक पोलिसांचा अधिकारी, परिवहन खात्याचा मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खात्याचा अधिकारी आणि बस कंत्राटदारांचा प्रतिनिधी यांचा समावेश असावयाचा असतो. थांबे कोठे असावेत, भाडे किती असावे, कोणत्या वाहनाची आणि कोणत्या चालकाची कागदपत्रे तपासून घ्यावीत, या गोष्टी याच समितीने पाहावयाच्या. त्याशिवाय शाळेने बसमालकाशी शासनाने ठरवून दिलेल्या नमुन्याचा करारनामा करावा, अशीही योजना आहे. या दोन तरतुदींचा एकत्र अर्थ लक्षात घेतला म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते : शाळेच्या नावाने धावणाऱ्या बसशी शाळेचा काही संबंध नाही, तो पालक आणि बसवाले यांच्यातला खाजगी व्यवहार आहे, हे जे उत्तर अनेक कचेऱ्यांतून पालकांना दिले जाते, ते नियमाला धरून नाही.

म्हणून प्रवेशाच्या वेळी किंवा शाळा उघडताच पालकांनी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की परिवहन समिती स्थापन झाली आहे काय, तिच्यावर पालकांचा प्रतिनिधी कोण आहे, आणि तिच्या मागील बैठकीचे इतिवृत्त पाहावयास मिळेल काय. अनेक ठिकाणी ही समिती कागदावर असते. सभासदांची नावे फलकावर लिहिलेली असतात, पण त्यांतील पालक-सभासदालाच आपण सभासद असल्याचे ठाऊक नसते. हा प्रश्न एका पालकाने विचारला तर कदाचित त्याला टोलवले जाईल. तोच दहा पालकांनी सह्यानिशी लेखी विचारला आणि अर्जाची पोच घेतली, म्हणजे समितीला बैठक बोलवावीच लागते. शाळांशी व्यवहार करताना तोंडी विनंतीपेक्षा पोच घेतलेल्या अर्जाचे वजन किती अधिक असते, हे ज्यांनी एकदा अनुभवले आहे त्यांस अधिक सांगावयास नको.

दुसरी पायरी वाहनाच्या दस्तऐवजांची रुजुवात करण्याची. नोंदणी पुस्तक, परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ही पाच कागदपत्रे चालू मुदतीची असली पाहिजेत. मोटार वाहन कायद्यात शैक्षणिक संस्थेच्या बसची गणना परिवहन वाहनांत केलेली असल्यामुळे तिला योग्यता प्रमाणपत्र अनिवार्य आहे; आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास ते दोन दोन वर्षांचे आणि त्याहून जुन्या वाहनास एकेका वर्षाचे मिळते. ही तपासणी करण्यासाठी बसमालकाच्या मागे लागण्याची आता गरज राहिलेली नाही. केंद्र शासनाच्या ‘एमपरिवहन’ या ॲपवर गाडीचा क्रमांक घातला की योग्यता, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती कोणासही पाहता येतात. पाच मिनिटांचे हे काम आहे, आणि ते वर्षातून एकदाच न करता विम्याची मुदत संपण्याच्या सुमारास पुन्हा करावे. वेगनियंत्रकाची चौकशीही करावी, कारण केंद्रीय नियमांनी 2015 पासून शाळेच्या बसला ताशी 60 किलोमीटरच्या वर जाऊ न देणारे उपकरण आवश्यक केलेले आहे. ते बसवलेले असते, पण कित्येकदा निकामी करून ठेवलेले असते, आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर किती वेगाने जाते हे मुले बरोबर सांगतात.

क्रमांकाच्या पाटीचा रंग हीच एक साधी परीक्षा आहे. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या पेट्रोल, डिझेल वा सीएनजीवरील गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पाटी पांढरी असेल तर ती गाडी खाजगी वापरासाठी नोंदलेली आहे, आणि तिच्यातून पैसे घेऊन मुले नेणे बेकायदा आहे. ‘शेजारचे एक गृहस्थ स्वतःच्या मोटारीने दहा मुले नेतात, स्वभावाने फार चांगले आहेत,’ असे समर्थन नेहमी ऐकू येते. गृहस्थ चांगले असतीलही. पण खाजगी मोटारीच्या विमापत्रात भाड्याने वापर हा स्पष्टपणे वगळलेला असतो, आणि म्हणून दुर्दैवाने अपघात घडला तर विमा कंपनी प्रथम याच मुद्द्यावर हरकत घेते. मग जखमी मुलाच्या उपचाराचा खर्च, भरपाई, खटला या सर्वांचा भार ज्या गृहस्थांवर पडतो त्यांची ऐपत तो सोसण्याइतकी क्वचितच असते. परवान्याविना वाहन वापरल्याबद्दल कायद्याच्या 192 अ या कलमाखाली दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे, हे त्या चांगल्या गृहस्थांनाही सांगणे हे आपले कर्तव्य ठरते.

येथे रिक्षाचा विषय टाळता येत नाही. नोंदणी पुस्तकात तीन प्रवाशांची क्षमता लिहिलेल्या रिक्षात मागच्या बैठकीसमोर एक फळी टाकून आठ-दहा मुले बसवावयाची, दोघांना चालकाच्या दोन्ही बाजूंना घ्यावयाचे, आणि दप्तरे बाहेरच्या अंगाला हुकांवर लटकवावयाची, हा शिरस्ता महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत इतका रूढ आहे की तो कोणाच्या डोळ्यांना खुपत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 194 अ या कलमाप्रमाणे क्षमतेहून अधिक असलेल्या प्रत्येक प्रवाशामागे 200 रुपये दंड होतो आणि जादा प्रवाशांची पर्यायी व्यवस्था झाल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नाही. हे पालकांना ठाऊक नाही असे नाही. रिक्षाकाकांवर पालकांचा जो लोभ असतो त्याला कारणेही आहेत : ते गल्लीत राहणारे असतात, मुलाला जिन्यापर्यंत पोहोचवतात, पैसे थकले तर थांबतात, आणि मोठ्या बसच्या निम्म्या खर्चात काम होते. ज्या घरी दोघेही नोकरीला जातात आणि दोन मुलांचे बसभाडे शाळेच्या शुल्काशी स्पर्धा करू लागते, त्या घराला ‘रिक्षा बंद करा’ एवढाच उपदेश करणे मला रास्त वाटत नाही. परंतु एक गोष्ट अशा घरांनाही करता येते : त्या रिक्षातील सर्व मुलांच्या पालकांनी एकत्र बसून मुलांची संख्या नोंदणी पुस्तकाच्या मर्यादेत आणावी आणि कमी झालेल्या मुलांचे भाडे आपसांत वाटून घ्यावे. चालकाचे उत्पन्न बुडत नाही, मुले दाटीत बसत नाहीत. आणि वाढलेला खर्च फारच जड जात असेल, तर तेच पालक मिळून परवानाधारक लहान बसची तजवीज शाळेमार्फत करू शकतात. बसची मागणी विखुरलेली असते तोवरच ती महाग पडते.

कागदपत्रे बरोबर असली तरी डोळ्यांनी पाहण्याचे काम उरतेच. एखाद्या सकाळी थोडे लवकर जाऊन बसमध्ये चढावे आणि स्वस्थपणे पाहावे. संकटकालीन दार आहे काय, यापेक्षा ते उघडते काय हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. कित्येक बसेसमध्ये त्या दारापुढे जादा बाक टाकलेला असतो. अग्निशामक नळकांड्यावरची मुदत वाचावी. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस आणि पट्टी आहे की नुसता रिकामा डबा आहे, ते उघडून पाहावे. खिडकीच्या गजांतून लहान मुलाचे डोके बाहेर येऊ शकते काय, बाकांच्या कडा फाटून पत्रा वर आला आहे काय, दप्तरे मधल्या वाटेत पडतात काय, हे सारे पालकाला कळण्यासारखे आहे. त्याला यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही. दोष आढळला तर चालकाशी हुज्जत घालू नये. गाडी बहुधा त्याच्या मालकीची नसते. दोष लिहून परिवहन समितीकडे द्यावा.

चालक आणि मदतनीस यांच्याविषयी अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे. बसमध्ये मुली असतील तर महिला सहायक असलीच पाहिजे, असा महाराष्ट्राचा नियम आहे. ज्यांना मुले प्रेमाने ‘मावशी’ म्हणतात त्या या बाई बसव्यवस्थेचा खरा कणा असतात. पण भाडे कमी करण्याची वेळ आली की पहिली काट लागते ती त्यांच्याच पगाराला, आणि कित्येक पालकही ‘मावशी नसली तरी चालेल, पण दोनशे रुपये कमी करा’ असा सौदा करतात. हा सौदा कधीही करू नये. मुले चढता-उतरताना हात धरणारे, वाटेत कोणाला उलटी झाली तर सांभाळणारे, भांडणे सोडवणारे आणि चालकाच्या वर्तनावरही अप्रत्यक्षपणे लक्ष ठेवणारे माणूस बसमध्ये असणे ही चैनीची बाब नव्हे. 2024 च्या ऑगस्टात बदलापूर येथील शाळेत घडलेल्या अत्याचारानंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळेशी संबंधित कर्मचाऱ्यांच्या, कंत्राटी कर्मचाऱ्यांच्यासुद्धा, पार्श्वभूमीची पडताळणी करण्याविषयी शाळांना हुकूम दिले. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत पुण्याच्या वानवडी भागात शाळेच्या गाडीच्या एका चालकाला सहा वर्षांच्या दोन मुलींवरील अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली. तेव्हा चालकाची आणि मदतनिसाची पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी झाली आहे काय, तिचा दाखला शाळेच्या दप्तरी आहे काय, आणि मूळ चालक रजेवर गेला की येणारा बदली चालकही त्याच तपासणीतून गेलेला असतो काय, हे तीन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. प्रामाणिक चालकाला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. उलट ज्याच्यावर रोज पन्नास घरे विसंबून असतात त्याच्या विश्वासार्हतेला त्या दाखल्याने बळकटीच येते.

मुलांशी बोलण्याचा भाग मात्र कोणत्याही दाखल्यावर सोपवता येणार नाही. ‘आज बसमध्ये काय काय झाले?’ हा प्रश्न रोजच्या बोलण्याचा भाग असावा, उलटतपासणीचा नव्हे. रोज उड्या मारीत जाणारे मूल एकाएकी बसने जावयास नकार देऊ लागले, किंवा ठराविक जागी बसावयास घाबरू लागले, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी कारण शोधावे. संशयास जागा असेल तर पुरावा गोळा करीत बसू नये आणि शाळेच्या प्रतिष्ठेचा विचार तर मुळीच करू नये. मुलांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा 2012 चा कायदा असा आहे की, अशी घटना ठाऊक असून पोलिसांस न कळवणे हाच गुन्हा ठरतो, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडपली तर त्याला अधिक शिक्षा सांगितलेली आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098 आणि पोलिसांची 112 हे दोन क्रमांक घरातील मोठ्या माणसांप्रमाणे शाळकरी मुलांनाही पाठ असावेत.

आणखी एका धोक्याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 2022 च्या सप्टेंबरात कतारमध्ये बालवाडीच्या बसमध्ये झोपी गेलेली एक चार वर्षांची भारतीय मुलगी कोणाच्या ध्यानात न आल्यामुळे बंद गाडीतच राहिली आणि उन्हाच्या तापाने दगावली. मार्च ते जून या महिन्यांत विदर्भात, खानदेशात आणि मराठवाड्यात बंद गाडीच्या आत काय उष्णता होते हे निराळे सांगावयास नको. यावर उपाय इतका साधा आहे की त्याला पैसा पडत नाही : शाळेत पोहोचल्यावर आणि शेवटचा थांबा झाल्यावर मदतनिसाने बसच्या शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक बैठक आणि बैठकीखालची जागा पाहावी, आणि त्याची नोंद वहीत करावी. त्याबरोबर वर्गशिक्षकांनी हजेरी होताच अनुपस्थित मुलांच्या घरी ताबडतोब कळवावे. आपल्या शाळेत असा शिरस्ता नसेल तर तो सुरू करून घेणे हे परिवहन समितीच्या पहिल्याच बैठकीतले काम समजावे.

आता पालकांच्या स्वतःच्या वर्तनाकडे वळले पाहिजे, कारण काही अडचणी घरातूनच निघतात. बस थांब्यावर येण्याच्या पाच मिनिटे आधी मूल तेथे असावे. एका घराने तीन मिनिटे उशीर केला आणि पुढच्या दहा घरांनीही तेच केले की अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास चालक वेगाने भरून काढतो. मग वेगाबद्दल तक्रार करणाऱ्यांत त्या उशीर करणाऱ्या घरांचाही समावेश असतो. ‘कुठे पोहोचलात?’ असे विचारण्यासाठी गाडी हाकणाऱ्या माणसाला फोन करू नये. फोन करावयाचा तर मदतनिसाला, किंवा शाळेने ठेवलेल्या परिवहन प्रमुखाला. बस आपल्याच फाटकापाशी थांबावी हा आग्रहही सोडण्यासारखा आहे. प्रत्येक फाटकाशी थांबणारी बस पहिल्या मुलाला सव्वा तास फिरवते, आणि ते मूल शाळेत शिरण्यापूर्वीच थकलेले असते. शंभर-दोनशे पावलांवर, वळणापासून आणि उतारापासून दूर, पदपथ रुंद असेल अशा जागी पाच-सहा घरांचा मिळून एक थांबा असणे अधिक सुरक्षित असते.

थांब्यावरची शिस्त मुलाला पहिल्या आठवड्यात शिकवावी आणि वर्षभर तपासावी. बस पूर्ण थांबेपर्यंत रस्त्याच्या कडेपासून दोन पावले मागे उभे राहावे. उतरल्यावर बसच्या पुढून धावत रस्ता ओलांडू नये, कारण उंच आसनावर बसलेल्या चालकाला अगदी समोरचे लहान मूल दिसत नाही. बसखाली काही पडले तर वाकून घेऊ नये, मावशींना सांगावे. मूल रस्त्याच्या पलीकडे उतरत असेल तर घरच्या माणसाने पलीकडेच जाऊन उभे राहावे. अलीकडून हाक मारणे फार धोक्याचे, कारण आईची हाक ऐकताच मूल रस्ता न पाहता धावते. बालवाडीच्या आणि पहिली-दुसरीच्या मुलांना ज्यांच्या ताब्यात द्यावयाचे त्या दोघातिघांची नावे आणि छायाचित्रे बसमध्ये असावीत, आणि त्यांतील कोणीही थांब्यावर नसेल तर मुलाला तेथे न उतरवता शाळेत परत न्यावे, असा नियम असावा. मदतनिसाने हा नियम पाळला म्हणून तिच्यावर रागावू नये.

भाड्याचा वाद दर वर्षी उठतो. भाडे दहा महिन्यांचे द्यावयाचे की बाराही महिन्यांचे, डिझेल महागले तर मध्येच वाढवता येईल काय, बस बंद पडली तर पर्यायी बस कोणी आणावयाची, मूल महिनाभर आजारी असेल तर काय, या सर्वांची उत्तरे वर्षाच्या आरंभी लेखी घ्यावीत. तोंडी ठरलेली गोष्ट फेब्रुवारीत कोणालाच आठवत नाही. त्याच वेळी बसमालकाची बाजूही समजून घ्यावी. पुष्कळ बसेस सकाळी एका वर्गांची आणि दुपारी दुसऱ्या वर्गांची अशा दोन फेऱ्या करतात आणि त्या दोन्हींवर मिळूनच त्यांचा जमाखर्च बसतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय शासनाने 2024 च्या फेब्रुवारीत घेतला. लहान मुलांच्या झोपेच्या दृष्टीने तो मला योग्य वाटतो. पण वेळा पुढे सरकल्या की बस ऐन गर्दीच्या रस्त्यांवर येते आणि दोन फेऱ्यांमधले अंतर आटते, याचाही हिशेब शाळेने वेळापत्रक बदलताना करावयास हवा. शाळेपुढे गाड्या उभ्या करावयास जागा नसते, म्हणून चालक रस्त्यात थांबतो आणि दंड भरतो. शाळेच्या आवारात किंवा शेजारच्या मोकळ्या जागेत बसेस उभ्या करण्याची सोय करून देणे हे काम समितीतील पोलीस अधिकारी आणि मुख्याध्यापक यांनी मिळून करता येण्यासारखे आहे.

पावसाळ्याची योजना स्वतंत्र हवी. मुंबई, ठाणे, रायगड या भागांत शाळा भरल्यानंतर अतिवृष्टीमुळे सुट्टी जाहीर होते आणि बसेस पाण्यात अडकतात. अशा दिवशी मुले शाळेतच थांबवून ठेवावयाची की पाठवावयाची, याचा निर्णय कोण घेणार, आणि तो कोणत्या क्रमांकावरून कळवला जाणार, हे जूनच्या आरंभीच ठरलेले असावे. बसमध्ये पिण्याचे पाणी आणि थोडा कोरडा खाऊ असावा. पूर आलेल्या ओढ्यावरून किंवा पुलावरून गाडी घालू नये, याविषयी चालकाला शाळेने लेखी सूचना द्यावी, म्हणजे उशीर झाला म्हणून त्याला कोणी बोल लावणार नाही.

येथवरचा विचार बहुतांशी शहरी घरांचा झाला. खेड्यांतील मुलांची शाळेची बस म्हणजे आजही एसटीच. विद्यार्थ्यांना मासिक पासात 66.67 टक्के सवलत मिळते, अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, आणि मानव विकास कार्यक्रमात घेतलेल्या 125 तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसेस धावतात. तेथील अडचण भाड्याची नाही, वेळेची आहे. शाळा साडेदहाला भरते आणि गाडी साडेअकराला येते. संध्याकाळची गाडी रद्द झाली तर मुली अंधारात फाट्यावर उभ्या राहतात, आणि असे दोन-चारदा घडले की घरचे लोक मुलीची शाळाच बंद करतात. अशा गावांत पालकांनी एकेकट्याने तक्रार न करता शाळेच्या मुख्याध्यापकांच्या पत्रासह, मुलींची संख्या आणि शाळेच्या वेळा लिहून, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्यावा. वेळापत्रक ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे विद्यार्थ्यांची निश्चित संख्या आली की फेरीची वेळ बदलणे त्याला सोपे जाते.

अपंग मुलांच्या पालकांनी आपला हक्क विशेष जाणून घ्यावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील सोळाव्या कलमाप्रमाणे शासनाच्या आर्थिक साहाय्यावर चालणाऱ्या किंवा शासनमान्य शाळांनी अशा मुलांना वाहतुकीची सोय पुरवावयाची आहे, आणि ज्यांना सततच्या आधाराची गरज असते त्यांच्या सोबतच्या माणसालाही. ‘आमच्या बसमध्ये सोय नाही’ हे उत्तर मिळाल्यास या कलमाचा उल्लेख करून लेखी मागणी करावी.

तक्रारीचा मार्ग क्रमाने चालावा. प्रथम परिवहन समितीकडे लेखी अर्ज; तेथे दाद लागली नाही तर वाहनाच्या दोषाबद्दल प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, आणि व्यवस्थेच्या दोषाबद्दल जिल्ह्याच्या शालेय बस सुरक्षितता समितीकडे, जिचे अध्यक्षपद आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि अन्यत्र पोलीस अधीक्षकांकडे असते. अर्जात गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण आणि घडलेली गोष्ट एवढेच असावे, संताप नसावा. चालक मद्य प्यालेला दिसला किंवा गाडी उघड धोकादायक स्थितीत असली तर मात्र हा क्रम बाजूस ठेवून मुलाला त्या गाडीत बसूच देऊ नये आणि जागच्या जागी 112 वर कळवावे.

या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत, गणवेश आणि सहलीचे विषय निघण्यापूर्वी, आपण उठून परिवहन समितीच्या सभासदांची नावे, बसेसच्या योग्यता प्रमाणपत्रांच्या मुदती आणि चालकांच्या पडताळणीचे दाखले सभेपुढे ठेवावयास सांगावे, आणि समितीत पालकांचा प्रतिनिधी नेमलेला नसेल तर त्या जागेसाठी स्वतःचे नाव द्यावे, अशी माझी प्रत्येक वाचकास कळकळीची विनंती आहे.